उपालीचे दार



आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या महारवाड्यांनी धर्मांतराच्या दोन लाटा पाहिल्या. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे मांडले. पुढे, विशेषतः 1876-78 च्या दुष्काळाच्या सुमारास, कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली. मग 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात पूज्य बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि त्याच भाऊकीतली दुसरी घरे बुद्धाला शरण गेली. एका पणजोबाची पतवंडे आज कोणी विहारात, तर कोणी चर्चमध्ये. लग्नपत्रिका जातात-येतात, मांडवात पंगत बसते; पण मने मोकळी होत नाहीत.

कुजबुज काय चालते, हे आपण सारे जाणतो. आपल्यातला कोणी म्हणतो, "हे धान्यासाठी बाटले." त्यांच्यातला कोणी म्हणतो, "यांनी सवलतींसाठी धर्म बदलला." आता वस्तुस्थिती पाहा. दीक्षा घेणाऱ्यांनी अनुसूचित जातींच्या सवलती गमावल्या. 1960 मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या त्या दिल्या, केंद्राने द्यायला 1990 उजाडले. ख्रिस्ती बांधवांना तर अनुसूचित जातीचा दर्जा अजूनही नाही. आणि नुसत्या धान्यासाठी गेलेली माणसे दुष्काळ सरल्यावर परतली असती. राहिली ती अक्षरासाठी आणि माणूस म्हणून मिळालेल्या वागणुकीसाठी. किंमत दोघांनीही मोजली आहे. ती एकमेकांना सांगितलेली मात्र नाही.

मज्झिम निकायातले उपालीसुत्त येथे अभ्यासण्यासारखे आहे. नालंदेचा गृहपती उपाली निगंठांचा उपासक होता. तो तथागतांना वादात जिंकायला गेला आणि पटल्यावर शरण आला. तथागतांनी त्याला घाई करू दिली नाही, आधी नीट विचार कर असे सांगितले. पुढे असेही सांगितले, की तुझे घर निगंठांचा जुना आधार आहे, त्यांची भिक्षा बंद करू नकोस. उपालीने घरी येऊन काय केले? द्वारपालाला बजावले, निगंठांना आत घेऊ नकोस. भिक्षा हवी असेल तर ती दारातच मिळेल. माझ्या मते उपालीने आज्ञा पाळली, पण अर्धीच. आपणही तेवढेच करतो. पाहुण्याला ताट वाढतो, विषय मात्र उंबऱ्याबाहेर ठेवतो.

धम्मपदाच्या सुखवग्गात विश्वासाला सर्वात जवळचा नातलग मानले आहे. हा नातलग घरी यायचा तर सम्यक् वाचा हवी: बोलणे खरे, हिताचे आणि वेळ पाहून केलेले. मयताच्या दिवशी धर्मचर्चा काढणे ही सम्यक् वाचा नव्हे. (आपल्यातले काही उत्साही वक्ते नेमके हेच करतात!)

कोणी विचारील, मग बावीस प्रतिज्ञांचे काय? त्या पूर्ण पाळाव्यात. मामाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये शांत उभे राहिल्याने एकही प्रतिज्ञा मोडत नाही. गुडघे टेकू नका आणि का टेकले नाहीत, हे घरी आल्यावर मामेभावाला प्रेमाने सांगा. त्याचेही ऐका.

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावचे उदाहरण घ्या. 1939 साली तिथे वतनदारांची परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले होते. त्याच हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते आणि जिल्हाभरचे ख्रिस्ती सोयरे तिकडे जातात. यंदा त्यातले कोणी वाटेत तुमच्याकडे उतरले, तर चहा झाल्यावर विचारा: "मामा, तुमच्या घरात पहिले अक्षर कोणी गिरवले?" मग आपल्या घरातला देव्हारा कोणी आणि कसा उचलला, तेही त्यांना सांगा.