कंपनीच्या टूरवर थायलंडला निघालात तर

जालना म्हणजे बियाण्यांची पेठ. त्यामुळे आमच्या तीर्थपुरीत कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला बँकॉक-पट्टाया ही नावं आता परकी राहिलेली नाहीत. कपाशीच्या पाकिटांचं किंवा कीटकनाशकांचं टार्गेट गाठलं की कंपनीची टूर लागते आणि ती बऱ्याचदा थायलंडचीच असते. कधी विमानात न बसलेला माणूस पहिल्याच फेरीत सुवर्णभूमी विमानतळावर उतरतो. मीही तसाच गेलो, पुढे घरच्यांनाही घेऊन गेलो. सीझन आटोपला की दुकानात याच चौकश्या सुरू होतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे.

आधी अण्णांची गोष्ट सांगतो. अण्णा आमच्या गटातले वयाने सगळ्यात मोठे डीलर, शुगरचे पेशंट. बँकॉकचा राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, बघायला बस थांबली. अण्णा बाथरूमला गेले आणि तेवढ्यात झेंडा धरलेल्या गाइडच्या मागे आम्ही सगळे पुढे सरकलो. एवढ्या घोळक्यात एक माणूस कमी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाहेर त्यांना एक टुकटुकवाला भेटला. पॅलेस आज बंद आहे, दुसरं चांगलं मंदिर दाखवतो, असं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून त्याने त्यांना बसवलं आणि नेलं थेट खड्यांच्या दुकानात. माणिक, नीलम पुढ्यात मांडून अर्ध्या किमतीची बोली सुरू झाली. अण्णांनी काही घेतलं नाही, पण बाहेर येतात तो टुकटुक गायब. फोनमध्ये तिथलं सिम नाही, पासपोर्ट टूर मॅनेजरच्या पिशवीत, सकाळची गोळी घेतलेली आणि दुपारचं जेवण टळलेलं. हॉटेलचं नावही आठवेना. शेवटी बंडीच्या खिशात खोली उघडायचं कार्ड सापडलं, त्यावर नाव छापलेलं होतं. एका पोलिसाने ते वाचून टॅक्सी करून दिली. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा अण्णा रिसेप्शनच्या सोफ्यावर घामाने भिजून बसले होते आणि चहासोबतच्या साखरेच्या पुड्या फोडून तोंडात टाकत होते.

म्हणून माझं सांगणं आहे की टूर कंपनीची असली तरी पासपोर्ट, औषधं आणि हॉटेलचा पत्ता दुसऱ्याच्या हवाली करू नका. मॅनेजर सगळ्यांचे पासपोर्ट गठ्ठ्यात ठेवायला मागतो. काम झालं की आपला परत मागून घ्या. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा आणि शुगरवाल्याने खिशात चिक्की बाळगाच. विमानतळावरच सिम घ्या. 1155 हा तिथल्या पर्यटक पोलिसांचा नंबर आहे, तो लिहून ठेवा. राजवाडा बंद आहे असं कुणी रस्त्यात सांगितलं तर तिकीट खिडकीपर्यंत जाऊन स्वतः बघा. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात, हाफ पँटवर आत सोडत नाहीत. राजाबद्दल थट्टेतसुद्धा वावगं बोलू नका, त्या गुन्ह्याला 3 ते 15 वर्षांची कैद आहे.

कागदांचं काम घरूनच चोख करा. पासपोर्टची मुदत 6 महिन्यांहून जास्त उरलेली हवी. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांची आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरी तऱ्हा असते. तिकीट पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच काढायला लावा. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने आपल्या पर्यटकांना व्हिसा माफ केला, पण राहण्याची मुदत मधूनमधून बदलते, म्हणून निघण्याआधी त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते पोचण्याच्या आधीच्या 3 दिवसांत भरायचं, आणि सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

टूर फुकट असते असंही समजू नका. 1 जुलै 2022 पासून अशा लाभाची रक्कम वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेली की 10 टक्के टीडीएस लागू झाला. कंपनीकडून हिशेब मागा आणि आपल्या सीएला दाखवा.

माळकरी मंडळींचे हाल होतात. भाजीतसुद्धा नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस घालतात, त्यामुळे नुसतं ‘व्हेज’ सांगून भागत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र पहिल्या दिवसापुरती तरी सोबत असू द्या.

पट्टायाला जेट स्की घेणार असाल तर आधी तिचे चारी बाजूंनी फोटो काढा, कारण जुना ओरखडा दाखवून भरपाई मागण्याचा तिथे धंदा आहे. तारण म्हणून पासपोर्ट कुणालाही देऊ नका. आणि विहिरीत सूर मारणाऱ्यांनो, समुद्राचं पाणी वेगळं असतं. लाइफ जॅकेट घाला.

आता खास आपल्या धंद्याचं. थाई पेरूची कलमं, ड्रॅगन फ्रूटच्या काड्या, बियाणं बॅगेत लपवून आणायचा मोह अनेकांना होतो. आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय ते बेकायदा आहे. बाहेरून आलेल्या लष्करी अळीने 2018 पासून मक्याचं काय केलं ते आपण काउंटरवर बसून रोज ऐकलं आहे. आपल्या मोसंबीच्या पट्ट्यात नवा रोग आपल्याच हाताने यायला नको.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पोरांची. डेटा एंट्रीची नोकरी, राहणं-खाणं फुकट, व्हिसा लागत नाही, असे मेसेज घेऊन ती दुकानात येतात. व्हिसामाफी फिरायला आहे, नोकरीला नाही. असल्या नोकरीच्या नावाखाली बँकॉकला उतरवून माए सोतमार्गे म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या छावण्यांत नेलेल्यांपैकी 549 भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, त्याला तर थायलंडमध्ये नोकरीसाठी सरकारची परवानगीच लागते. एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते बघा. बघता येत नसेल तर ऑफर लेटर घेऊन दुकानावर या, पण एजंटला पैसे देण्याआधी या.