आधी खात्री करू नका

एखाद्या लेकराच्या बाबतीत काही वाईट घडल्याची कुणकुण लागली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आधी खात्री करू." ऐकायला मोठं शहाणपणाचं. पिशोर परिसरातल्या शाळांमध्ये नोकरी केल्यावर मी एवढं सांगू शकते, की निम्मं नुकसान इथेच होतं.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सातवीतली मुलगी, आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीपाशी. तिने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने वर्गशिक्षिकेला. मग मुख्याध्यापकांनी विचारलं, मग शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोघांनी, आणि शेवटी एका ओट्यावर बैठक बसली. ज्याचं नाव पोरीने घेतलं, तो भावकीतलाच, समोरच बसलेला. आजीचं एकच पालुपद, "उद्या लगीन करायचंय तिचं. मिटवून टाका." मी बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामातून शाळेत परतले तोवर हे सगळं होऊन गेलं होतं. मी पोलीस ठाणं गाठलं, गुन्हा दाखल झाला. पण इतक्या जणांपुढे तेच तेच सांगून पोरीच्या बोलण्यात वार बदलला होता, वेळ मागेपुढे झाली होती. पुढे कोर्टात बचावाच्या वकिलाने बैठकीतल्या माणसांना उलटतपासणीत घेतलं आणि नेमकं त्यावरच बोट ठेवलं. पोर खोटं बोलत नव्हती, ती थकली होती.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ सांगतं, की गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं. कळवायचं, तपास करायचा नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. चौकशी समिती नेमली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणात विश्वस्तांवर न कळवल्याचाच गुन्हा लागला. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातलं प्रकरण. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं.

"आणि खोटं निघालं तर?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये हमखास येतो. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही; शिक्षा आहे ती जाणूनबुजून खोटी तक्रार देणाऱ्याला.

मग करायचं काय? मुलगी बोलत असेल तर ऐका. तिचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवा; आपल्या सभ्य मराठीत बदलू नका. "नक्की का?", "आधी का नाही सांगितलंस?" हे विचारू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात देऊ नका, ते पाळता येत नाही. मग ठाणं, ११२ किंवा मुलांची हेल्पलाइन १०९८. ठाण्यात माहिती लेखी नोंदवून, वाचून दाखवून त्या माहितीला नोंद क्रमांक द्यायचा असतो. तो मागून घ्या. जबाबासाठी मुलीला ठाण्यात बसवायचं नसतं. तो तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. आणि गावच्या ग्रुपवर तिचं नाव, फोटो, शाळा काहीच टाकू नका. "न्याय मिळालाच पाहिजे" असं वर लिहिलं तरी बदनामी तिचीच होते.

दुर्लक्षाचं प्रकरण मात्र वेगळं हाताळावं लागतं. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ सांभाळ करणाऱ्याने जाणूनबुजून हेळसांड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. म्हणून ऊसतोडीला गेलेल्या प्रत्येक आईबापाला आरोपी करायचं का? नाही. परिस्थितीपुढे हात टेकलेल्या आईबापांना लेकरू मागे सोडावं लागलं, तर ते जाणूनबुजून मानू नये, असं तोच कायदा म्हणतो. तिथे ठाण्यापेक्षा बालकल्याण समितीकडे जावं, आणि मुळात मूल मागे राहिलं तर त्याची सोय काय, ते आधी बघावं. हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीने धडपडायचं असतं, तेही टोळ्या निघायच्या आधी, दिवाळीच्या अलीकडेच. ट्रक निघून गेल्यावर कुणाची मुलं मागे राहिली याची यादी करण्यात काही राम नसतो.