वेग आणि संयम

फावल्या वेळीं यंत्रें उघडून पुन्हां जोडण्याचा छंद पुष्कळांस असतो. अमेरिकेंत कोणी जुन्या बलवान मोटारी दुरुस्त करितात, तर कोणी सुटे भाग आणून संगणक स्वतः जुळवितात. दोहोंत वेग वाढविण्याचा मोह एकच, आणि त्याचा दंडही एकच. तो म्हणजे उष्णता. आज आम्ही एवढाच धडा सांगतों.

सन १९६४ ची पाँटिॲक जीटीओ घ्या. मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरांचें इंजिन. परंतु चारही चाकांस ड्रम ब्रेक. गाडी थांबवितांना तिची गतिशक्ति ब्रेकमध्यें उष्णतारूप होते. वेग दुप्पट झाला कीं ही उष्णता चौपट! बंद ड्रम फार तापला म्हणजे पकड ढिली पडते. म्हणून जाणता छांदिष्ट इंजिनास हात लावण्यापूर्वीं पुढील चाकांस डिस्क ब्रेक बसवितो. उघडी तबकडी वाऱ्यानें लवकर निवते.

संगणकाचेंही तसेंच. प्रोसेसरची गति वाढविण्यास बहुधा विद्युद्दाबही वाढवावा लागतो. दाब १० टक्के वाढला, तर गति तीच असतांही खर्ची पडणारी शक्ति सुमारें २१ टक्के वाढते. पंखा अपुरा पडल्यास प्रोसेसर आपण होऊन मंदावतो. मोटार मात्र मंदावत नाहीं. तेथें किंमत चालकाच्या व वाटसरूच्या प्राणांची असते.

पालकांनीं मुलांस हत्यारें अवश्य द्यावीं. परंतु पहिला प्रश्न 'किती धांवतें?' हा नसून 'कसें थांबतें?' हा असावा. प्रेषित पौलानें सामर्थ्याच्या जोडीस संयम सांगितला, तो कारखान्यांतही तितकाच खरा आहे.