ब्रेक दाबताना थरथरणारी गाडी

प्रश्न : माझी जुनी सेडान वेगात असताना ब्रेक दाबला की पेडल व स्टिअरिंग थरथरते. पुढच्या डिस्क लेथवर घासून घ्याव्यात की बदलाव्यात? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ही थरथर बहुधा डिस्कची जाडी सर्वत्र समान न राहिल्याने उद्भवते आणि तिचे मूळ पुष्कळदा हबवर साचलेल्या गंजात किंवा चाकाचे नट विषम ताणाने आवळण्यात असते. म्हणून मायक्रोमीटरने जाडी सात-आठ ठिकाणी मोजवून डिस्कवरच कोरलेल्या किमान मर्यादेशी ती ताडून पाहावी. घासल्यानंतरही जाडी त्या मर्यादेच्या वर राहणार असेल तरच लेथची तजवीज करावी, एरवी दोन्ही चाकांच्या डिस्क नव्या पॅडांसह एकदमच बदलाव्यात, कारण पातळ डिस्क उष्णता सामावू शकत नाही आणि घाटाच्या उतारावर ब्रेक क्षीण होण्याचा धोका संभवतो. नवी डिस्क चढविण्यापूर्वी हब तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे, डिस्कवरील संरक्षक तेल पुसून काढणे, कॅलिपरच्या पिनांना योग्य ग्रीस लावणे आणि नट टॉर्क रेंचने समोरासमोरच्या क्रमाने आवळणे, यांत तिळमात्र हयगय होऊ देऊ नये. पावसाळ्यात रात्रीतून डिस्कवर चढणारा तांबूस गंज मात्र पहिल्या काही ब्रेकांतच निघून जातो. त्याची चिंता नसावी.