'ग्लॅमरस' म्हणजे काय रे भाऊ?

थर्ड इयरच्या मॉक इंटरव्ह्यूतली गोष्ट. सरांनी विचारलं, वडील काय करतात? माझे बाबा मूर्तिजापूरला हायवेवर ट्रक दुरुस्त करतात. ते सांगायची लाज वाटली, म्हणून घाईघाईत बोलून गेलो, "सर, ही इज अ मेकॅनिक. इट इज नॉट अ व्हेरी ग्लॅमर जॉब." मागची पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "एक तर तिथे ग्लॅमरस पाहिजे. आणि दुसरं, तुझं वाक्य अर्धंच राहिलं. त्यातला 'बट' कुठे आहे?"

मला काही सुचलं नाही. रूमवर येऊन डिक्शनरी काढली. रूम पार्टनर म्हणाला, "काय बे, एका शब्दासाठी जागून राहिला?" पण खरंच दोन रात्री गेल्या. जे हाती लागलं ते सांगतो. सबमिशनच्या धावपळीतून पाच मिनिटं काढा.

आधी व्याकरण. ग्लॅमर हे नाम, ग्लॅमरस हे विशेषण. 'व्हेरी' लावायचं असेल तर विशेषणच हवं. स्पेलिंगमध्येही एक गंमत आहे. ग्लॅमरच्या शेवटी ओ-यू-आर येतं, पण ग्लॅमरस लिहिताना त्यातला यू गळतो. ह्यूमर-ह्यूमरस, व्हिगर-व्हिगरस यांचंही तसंच. मात्र ब्रिटिश स्पेलिंगात कलरफुल आणि फेवरेबलमध्ये यू टिकून राहतो. अमेरिकन लोक कलर, ह्यूमरमधला यू सरसकट काढतात, पण ग्लॅमरमधला बहुतेक वेळा ठेवतात.

आता या शब्दाचं कूळ बघा. ग्लॅमर हा 'ग्रामर'चाच स्कॉटिश अवतार आहे! हो, तेच ग्रामर, ज्याच्या तासाला आपण शाळेत डुलक्या काढल्या. मध्ययुगात युरोपात ग्रामर म्हणजे लॅटिनची विद्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या लोकांना वाटायचं, या पोथीवाल्यांना जादूटोणाही येत असणार. त्यातून ग्लॅमर म्हणजे मंत्र, नजरबंदी असा अर्थ आला. वॉल्टर स्कॉट या लेखकाने १८०५ सालच्या 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल' या दीर्घकाव्यात तो वापरला आणि शब्द स्कॉटलंडबाहेर पसरला. विसाव्या शतकात हॉलिवूडने त्याला आजची झगमग दिली.

आपल्याला यात नवल वाटायला नको. मराठीत 'तांत्रिक' हा शब्द टेक्निकललाही चालतो आणि मंत्र-तंत्र करणाऱ्यालाही. आणि 'भुरळ घालणे', 'मोहिनी घालणे' हे तर जुन्या ग्लॅमरचं सरळ भाषांतर वाटावं इतकं जवळचं आहे.

हे कूळ लक्षात ठेवलं की वापर सोपा होतो. ग्लॅमरस म्हणजे नुसतं सुंदर नव्हे. आई सुंदर असते, अंबाझरीवरचा सूर्यास्त सुंदर असतो, पण इंग्रजी बोलणारा माणूस त्याला सहसा ग्लॅमरस म्हणणार नाही. त्याला ब्यूटिफुल आहे. ग्लॅमरसमध्ये थाट, पैसा, झगमगाट आणि थोडं अंतर लागतं. पार्टी ग्लॅमरस, हॉटेल ग्लॅमरस, पायलटची नोकरी ग्लॅमरस. आपल्याकडच्या सिनेमाच्या बातम्यांत मात्र 'ग्लॅमरस रोल' म्हणजे अनेकदा तोकडे कपडे. इंग्रजीत तसं बंधन नाही. ब्रिटनमध्ये बटलिन्सच्या हॉलिडे कॅम्पमध्ये चक्क 'ग्लॅमरस ग्रँडमदर' अशी आजीबाईंची स्पर्धा व्हायची.

दुसरं म्हणजे, हा शब्द माणसाइतकाच कामाला आणि भूमिकेला लागतो. स्मिता पाटीलचं उदाहरण घ्या. 'चक्र' (१९८१) मधली झोपडपट्टीतली बाई ही अनग्लॅमरस भूमिका, 'नमक हलाल' (१९८२) मधली ग्लॅमरस. बाई तीच. आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'चक्र'साठी.

आता सरांच्या 'बट'कडे येऊ. रोजच्या इंग्रजीत कामाबद्दल बोलताना हा शब्द बरेचदा नकारासोबत येतो. 'इट्स नॉट ग्लॅमरस, बट समबडी हॅज टू डू इट.' 'मेंटेनन्स इज नॉट ग्लॅमरस, बट द प्लांट रन्स ऑन इट.' यात लाज नसते. बाहेरून झगमग दिसत नाही एवढं कबूल करायचं आणि 'बट'नंतर कामाची खरी किंमत सांगायची. वाक्याचं वजन दुसऱ्या अर्ध्यात असतं. मी पहिल्याच अर्ध्यात थांबलो, म्हणून ती माफी झाली.

आपण मराठीत नेमकं उलटं करतो. 'त्या ब्रांचला ग्लॅमर आहे, या ब्रांचला नाही' म्हणतो आणि पूर्णविराम देतो. अ‍ॅडमिशनच्या वेळी असे पूर्णविराम किती जणांनी ऐकले असतील!

त्या आठवड्यात एका संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवर उभा होतो. वाडीतल्या गोदामांतून भरलेले ट्रक अमरावती रोडला लागत होते. हाच रस्ता, जुना ६ नंबरचा आणि आताचा ५३ नंबरचा नॅशनल हायवे, पुढे मूर्तिजापूरवरून जातो. यातला एखादा ट्रक रात्री बंद पडला तर बाबांकडेच थांबेल, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "लवकर बोल, गाडी खोलून ठेवली आहे, ड्रायव्हर खोळंबला आहे."

पुढच्या मॉक इंटरव्ह्यूला तोच प्रश्न आला. म्हणालो, "माय फादर रिपेअर्स ट्रक्स ऑन द हायवे. इट इज नॉट अ ग्लॅमरस जॉब, बट द गुड्स रीच बिकॉज ऑफ हिम." सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला, डिझेल इंजिनवरचा. तो मात्र चुकला. असो.

आता होमवर्क. आपल्या ब्रांचबद्दल, घरच्यांच्या कामाबद्दल, नाहीतर पहाटे उठून आपल्यासाठी पोळ्या लाटणाऱ्या मेसच्या मावशींबद्दल एक वाक्य लिहा. सुरुवात 'नॉट ग्लॅमरस'ने करा. फक्त 'बट' विसरू नका.