श्रमाची मालकी श्रमणाऱ्यांकडे : गिरगावच्या पापड उद्योगापासून महिला गटांनी काय घ्यावे?

उडीद हे खरिपातील ७० ते ८० दिवसांत तयार होणारे कडधान्य पीक आहे. हाती लवकर पैसा येतो म्हणून कोरडवाहू शेतकरी ते घेतात. परंतु काढणी होताच बहुतेक माल बाजार समितीत जातो. पुढे त्याची डाळ, पीठ व पापड होईपर्यंत जी किंमत वाढते, तिच्यात शेतकऱ्याच्या घराला वाटा नसतो. तो मिळावा म्हणून गावोगावी महिला बचत गट पापड, शेवया, मसाले असे उद्योग सुरू करतात. त्यांतील काही टिकतात, तर काही वर्ष-दोन वर्षांत बंद पडतात. भांडवलाची अडचण हे एक कारण असते. पण उद्योगाचा मालक कोण आणि शिलकीवर हक्क कोणाचा, हे सुरुवातीस न ठरणे हेही तितकेच मोठे कारण आहे. या दृष्टीने मुंबईच्या गिरगावात सुरू झालेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेची रचना अभ्यासण्यासारखी आहे.

८० रुपयांचे भांडवल

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी पापड लाटण्यास सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली व ती भुलेश्वरच्या व्यापाऱ्याकडे विकण्यास दिली. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असे या महिलांनी ठरविले होते. छगनलाल पारेख यांनी त्यांना हिशेब चोख ठेवण्याचा व मालाचा दर्जा एकच राखण्याचा सल्ला दिला.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम थांबवावे लागले. पुढील वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती काढण्यात आली आणि पावसाळ्यातही काम चालू राहिले. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली व त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज अनेक राज्यांत तिच्या शाखा असून ४० हजारांहून अधिक महिला सभासद आहेत.

कामाची पद्धत

सकाळी शाखेत पीठ मळले जाते. सभासद महिला आपल्या वाट्याचे पीठ घरी नेतात, पापड लाटून वाळवितात व दुसऱ्या दिवशी शाखेत आणून देतात. तेथे वजन व दर्जा तपासून लाटण्याची मजुरी दिली जाते. घरची कामे सांभाळून हे काम करता येते. प्रत्येक सभासदास ‘बहीण’ म्हणतात आणि शाखेची व्यवस्था पाहणाऱ्याही सभासदांतूनच येतात. बाहेरचा भागधारक नाही. नफा सर्व बहिणींत समान वाटला जातो, तसेच तोटाही त्यांनीच सोसायचा असतो.

मालाचा सहकार व श्रमाचा सहकार

प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून आपल्याकडे सहकार रुजला. त्यात ऊस पिकविणारा सभासद व मालक झाला, ही मोठीच गोष्ट होय. परंतु ऊस तोडणारा मजूर त्या मालकीबाहेर राहिला. हा मालाचा सहकार झाला. लिज्जत ही सहकार कायद्याखालील संस्था नव्हे, तरी तेथे काम करणारीच मालकीण आहे. हा श्रमाचा सहकार होय. ज्या गावात निम्मी कुटुंबे भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत, तेथे दुसऱ्या प्रकाराशिवाय विकास सर्वांपर्यंत पोचणार नाही.

पुरेसे काम हाती असूनही पत नसेल तर कमाई दुसऱ्याच्या घरी जाते. लालबाग-परळ भागात गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या महिला सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांचे गट केले. एकमेकींच्या जबाबदारीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळविता आले.

मर्यादाही ओळखाव्यात

मालकी कामगारांची असली तरी बाजार सवलत देत नाही. स्पेनमधील मॉन्द्रागॉन येथे १९५६ पासून कामगारांच्या सहकारी संस्था वाढल्या आणि १९५९ साली त्यांची स्वतःची बँक उभी राहिली. त्या भागाचा कायापालट झाला. तरीही त्यांचाच घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना २०१३ साली दिवाळखोरीत गेला. हाताने लाटण्याच्या कामालाही मर्यादा आहेत. जितके हात चालतील तितकीच मजुरी मिळते. म्हणून दर्जा, विक्री व राखीव निधी यांकडे दुर्लक्ष करू नये.

गटांनी काय करावे?

१) जी काम करील तीच सभासद, हा नियम लेखी करावा. काम न करता केवळ पैसे गुंतविणाऱ्यास नफ्यात वाटा देऊ नये.

२) मजुरी व नफा वेगळे ठेवावेत. मजुरी कामानुसार व वेळेवर द्यावी. नफा वर्षअखेर हिशेब झाल्यावरच वाटावा.

३) नफ्यातून प्रथम राखीव निधी काढावा. उदाहरणार्थ, १५ जणींच्या गटास सर्व खर्च व मजुरी जाऊन ३०,००० रुपये उरले व त्यातील ७,५०० राखीव ठेवले, तर प्रत्येकीस १,५०० रुपये येतील.

४) जमाखर्चाची वही कोणत्याही सभासदास केव्हाही पाहता यावी. दरमहा बैठकीत ती मोठ्याने वाचावी.

५) एकाच जिन्नसापासून सुरुवात करावी व त्याचा दर्जा कायम राखावा.

६) उडीद शक्यतो गावातील शेतकऱ्यांकडून, स्वच्छ व नीट वाळलेला घ्यावा. पावसात भिजलेला किंवा कीड लागलेला माल घेऊ नये.

७) व्याप वाढल्यास उत्पादक कंपनीचा विचार करावा. २००२ पासून कायद्यात तशी सोय असून किमान १० उत्पादक एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात. व्यक्ती सभासद असतील तेथे भाग कितीही असले तरी प्रत्येकास एकच मत असते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पापडाची कृती प्रत्येक घरात ठाऊक असते. गिरगावच्या महिलांनी तिला हिशेबाची व समान हक्काची जोड दिली. येत्या हंगामात आपल्या गटाने यंत्राची चौकशी करण्यापूर्वी एक बैठक घेऊन मालकी, मजुरी व नफा यांचे नियम कागदावर उतरवावेत. उद्योग लहान असतानाच हे करणे सोपे जाते.