समुद्राचे तापमान आणि माशांचा श्वास



मासा पाण्यातच जन्मतो आणि पाण्यातच वाढतो, मग पाण्यात त्याचा श्वास कोंडेल कसा, असा प्रश्न वर्गात अधूनमधून येतो. प्रश्न चांगला आहे. मासा काही पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन घेत नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तो कल्ल्यांनी टिपून घेतो, आणि पाण्यात ऑक्सिजन किती मावेल हे बऱ्याच अंशी तापमान ठरवते.

सोड्याची थंडगार बाटली उघडली की थोडासा फसफसाट होतो. तीच बाटली उन्हात तापवून उघडा, फेस थेट अंगावर येतो. तापलेले पाणी वायू धरून ठेवत नाही. समुद्राचेही तसेच. शून्य अंश सेल्सिअसच्या एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम ६. शिवाय बहुतेक मासे शीतरक्ती. पाणी तापले की त्यांच्या शरीराचे व्यवहार वेगाने चालतात आणि ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे उत्पन्न घटले आणि खर्च वाढला, असा हा संसार!

तापमानामुळे पाण्याचे वजनही बदलते. गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, हे आपण शिकलो आहोत. समुद्राच्या पाण्याला हा नियम लागू नाही. दर किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले हे पाणी गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशाच्या आसपास पोहोचेपर्यंत, जडच होत जाते. त्यामुळे थंड पाणी तळाशी आणि ऊबदार पाणी वर, असे थर पडतात. हे थर एकमेकांत सहजासहजी मिसळत नाहीत.

आता आपल्या गोव्याच्या किनाऱ्याकडे येऊ. मे महिन्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग ३० अंशांच्या आसपास तापलेला असतो. मग पाऊस सुरू होतो. मोसमी वारे आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट अशी खते भरपूर असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती प्लवक फोफावते, आणि त्यावर तारले-बांगडे पोसतात. आपल्या ताटातल्या हुमणाची तयारी अशी भर पावसात चालू असते.

इथे एक गंमत आहे, आणि परीक्षेत विचारावी अशी आहे. वर आलेले पाणी थंड, म्हणजे त्यात ऑक्सिजन जास्त असायला हवा. प्रत्यक्षात तो फारच कमी असतो. मावणे वेगळे आणि असणे वेगळे! हे पाणी फार काळ हवेच्या संपर्कात आलेले नसते. वरून पडणाऱ्या मृत प्लवकाचे तिथे विघटन होते आणि त्यातच ऑक्सिजन संपतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीचा पट्टा जवळजवळ ऑक्सिजनविरहित आहे. त्यात पावसाचे आणि मांडवी-जुवारीसारख्या नद्यांचे गोडे, ऊबदार, हलके पाणी किनाऱ्याजवळ झाकणासारखे वर पसरते. हवा खाली पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही टंचाई सर्वांत तीव्र होते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. अशा वेळी तळाशी राहणारे मासे ती जागा सोडतात. ज्यांना हलता येत नाही, त्यांचे हाल होतात.

हलता न येणाऱ्यांत प्रवाळही आले. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली असे घडले.

तारल्यांची गोष्ट पालकांनीही वाचावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ साली साडेतीन हजार टनांहूनही कमी. पुढे २०२३ साली ती पुन्हा लाखाच्या वर गेली. हा सगळा दोष तापमानाचाच, असे आम्ही म्हणणार नाही. अतिमासेमारी, पिल्लांची पकड, पावसाची लहर हेही आहेच. पण २०१५ च्या एल निनोच्या सुमारास समुद्र तापला होता, आणि हा मासा तापमानाच्या बाबतीत नाजूक आहे. ज्या घरात रापणीवर चूल पेटते, तिथे दोन-तीन अंशांचा फरक पुस्तकातला राहत नाही.

घरी करून पाहा : एका काचेच्या पेल्यात कोमट पाणी घ्या. बर्फाच्या थंड पाण्यात शाई कालवा आणि ते पाणी पेल्याच्या कडेने अगदी हळू सोडा. शाई कुठे जाते, थर किती वेळ टिकतो, ते घड्याळ लावून पाहा. मग कोमट पाण्याऐवजी थंड मिठाचे पाणी घेऊन पुन्हा करा. दोन्ही वेळची आकृती प्रयोगवहीत काढून विज्ञानाच्या तासाला आणा.